पाणी चढलेल्या काशीत आठ दिवस

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सांस्कृतिक समितीने मला ‘काशीयात्रेचे अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितले. सुरुवातीलाच कबूल करतो की मी यात्रा केलेली नाही. आठ दिवस काशीत राहिलो, पण ना श्राद्ध केले ना मुंडण. संग्रहालये पाहिली, गल्ल्यांतून हिंडलो आणि संध्याकाळी बालाजी घाटावर बसून राहिलो. तेव्हा ज्यांना पुण्याची अपेक्षा असेल त्यांनी आरतीपर्यंत डुलकी काढली तरी माझी हरकत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी काशी पाहिली आहे, पण कशी? रात्रीच्या गाडीत बसायचे, कटनी, सतना, माणिकपूर झोपेत जाते, सकाळी उतरायचे, मांडीवर वडिलांच्या नाहीतर आईच्या अस्थींची पिशवी. गुरुजी सांगतील ते करायचे, विश्वनाथाचे दर्शन, गंगेचे तांबे, आणि दुसऱ्या दिवशी परत. मीही अशी दोनदा गेलो. दोन्ही वेळा मला काशीतले काहीही आठवत नाही, फक्त हिशेब आठवतो.

या वेळी आमच्या सौ. मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या होत्या. निवृत्त माणसाला अशा घरात काम नसते आणि तक्रारही करता येत नाही. मी काशीचे तिकीट काढले. शेजाऱ्यांनी हलक्या आवाजात विचारले, “कोण गेलं?” मी म्हणालो, “कोणी नाही, मीच चाललोय.” त्यावर ते आणखीच गंभीर झाले. सौ.ना फोनवर सांगितले तर त्या म्हणाल्या, “एकटेच? आणि भर पावसात? काशी म्हणजे काय पचमढी आहे?”

पावसाळाच का, ते सांगतो, कारण उद्या कोणाला जायचे असेल तर उपयोगी पडेल. काशीचा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. देवदिवाळीला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला, खोली मिळणे मुश्किल. मे-जूनमध्ये ऊन भाजून काढते. उरला पावसाळा, पण त्यातही एक मेख आहे. इकडचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून इकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. सावनात कावडवाले येतात, सोमवारी तर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. राखीपौर्णिमा झाली की सावन संपला. आपला श्रावण वद्य म्हणजे त्यांचा भादों. त्यानंतर थेट पितृपक्षात गर्दी उसळते. मधले हे दिवस काशी मोकळी असते. मोकळी म्हणजे काशीच्या मानाने; २०२१ साली नवा परिसर खुला झाल्यापासून विश्वनाथाला रांग बारमाही आहे. पण मला पंचगंगेजवळच्या गल्लीत वरच्या मजल्यावर खिडकीची खोली हंगामाच्या निम्म्याहून कमी भाड्यात मिळाली, आणि मालकाने ‘कब जायेंगे’ असे एकदाही विचारले नाही.

तोटेही सांगायला हवेत. थंडीतली ती केशरी मलइयो मिळत नाही, कारण ती दवाशिवाय होत नाही असे तिथले हलवाई सांगतात. कपडे वाळत नाहीत. आणि सर्वांत मोठी गोष्ट, घाट नसतात.

हो, घाट नसतात. गंगेने ते आत घेतलेले असतात. वाराणसीला पाण्याची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची ७१.२६२. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. मी होतो तेव्हा ते इशाऱ्याच्या खालीच होते, पण पायऱ्या बुडायला तेवढे पुरते. नावा बंद. दशाश्वमेधावरची आरती गच्चीवर गेलेली. मणिकर्णिकेवरचे दहनही वर छतावर चाललेले. एका घाटावरून दुसऱ्या घाटावर काठाकाठाने जाता येत नाही. प्रत्येक वेळी चढून गल्लीत यायचे आणि पुढच्या बोळातून पुन्हा उतरायचे. दोनशे पावलांच्या अंतराला मला पाऊण तास लागे, कारण मी दर वेळी चुकत असे. चुकलो की कोणीतरी दारातून ओरडे, “दाहिने, फिर दाहिने, गाय के पास से!” गाय तोवर हललेली असे.

पण त्यामुळेच मला काशीची मागची बाजू दिसली. नावेतून दिसते ती आपल्या लोकांनी बांधलेली पुढची बाजू. नागपूरकर भोसल्यांचा घाट, बायजाबाई शिंद्यांचा घाट, जो १८३० च्या सुमारास बांधला आणि स्वतःच्याच भाराने खचला, पेशव्यांचे, होळकरांचे घाट. अहिल्याबाईंनी १७८० साली विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभे केले हे तर शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. नावाडी ही नावे भरभर म्हणतो आणि आपली छाती उगाच फुगते, जणू आपणच वर्गणी दिली होती. गल्लीतून मात्र दिसते ते त्या घाटांवर राहायला आलेल्यांचे जग. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट ही इथली जुनी मराठी वस्ती. त्याबद्दल पुढे बोलतो. आधी संग्रहालये, कारण मी गेलो होतो त्यांच्यासाठी.

भारत कला भवनाला मी दोन दिवस दिले. विश्वविद्यालयाच्या आवारात आहे. राय कृष्णदास नावाच्या काशीच्या रसिक गृहस्थाने १ जानेवारी १९२० रोजी भारतीय कला परिषद म्हणून ही संस्था सुरू केली; रवींद्रनाथ ठाकूर तिचे पहिले अध्यक्ष. पुढे काही काळ हा संग्रह नागरी प्रचारिणी सभेत होता, १९५० साली विश्वविद्यालयाकडे आला, आणि स्वतःच्या आताच्या इमारतीत गेला तो १९६२ मध्ये. म्हणजे बेचाळीस वर्षे हा पसारा बिऱ्हाडासारखा हलत होता! आज तिथे लाखभर वस्तू आहेत. लघुचित्रे इतकी की एका चित्रापुढे दहा मिनिटे उभे राहिलो तरी मागून कोणी ढकलत नव्हते; त्या दालनात मी आणि एक पहारेकरी, दोघेच. बकरिया कुंडाजवळ सापडलेली गोवर्धनधारी कृष्णाची गुप्तकालीन मूर्ती तिथे आहे. डावा हात वर, डोंगर उचललेला, आणि चेहऱ्यावर श्रमाची एक रेघ नाही. आमच्या फाउंड्रीत पाच किलोचा साचा उचलतानाही आमचे चेहरे कसे व्हायचे ते समोर बसलेल्या मंडळींना ठाऊक आहे. अॅलिस बोनर या स्विस बाईंचेही दालन आहे. त्या १९३६ साली काशीला आल्या आणि अस्सी घाटावर चाळीसेक वर्षे राहिल्या. परक्या मुलखात घर करणारे आपण एकटेच नाही.

त्या दालनांत हिंडताना मला आपल्या मंडळाची एक जुनी गोष्ट टोचायला लागली. ती शेवटी सांगतो, आत्ता धीर होत नाही.

सारनाथला मी शुक्रवारी गेलो. संग्रहालयाला शुक्रवारी सुट्टी असते. चूक माझीच, विचारून जायला हवे होते. एरवी अशा वेळी माणूस चिडतो, कारण संध्याकाळची गाडी असते. मला गाडी नव्हती. दिवसभर अवशेषांत फिरलो, १९३१ साली बांधलेल्या मूलगंधकुटी विहारात जपानी चित्रकार कोसेत्सू नोसू यांनी रंगवलेली बुद्धचरित्राची भित्तिचित्रे पाहिली, पावसात भिजलो, आणि शनिवारी पुन्हा गेलो. चार सिंहांची ती शीर्षमुद्रा आपण लहानपणापासून नाण्यावर, नोटेवर, पगाराच्या कागदावर पाहत आलो. प्रत्यक्षात ती माणसापेक्षा उंच आहे आणि चुनारच्या त्या दगडाला अशी झिलई आहे की आमच्या पॉलिशिंग शॉपने तोंडात बोट घालावे. १९०५ साली एर्टेल नावाच्या इंजिनिअरला ती खोदकामात सापडली. २६ जानेवारी १९५० ला ती देशाचे चिन्ह झाली.

पण मी जास्त वेळ उभा राहिलो तो बाहेर, धर्मराजिका स्तूपाच्या जागेवर. तिथे आता नुसता गोल पाया आहे. १७९४ साली काशीचे जगतसिंह यांच्या माणसांनी बाजार बांधण्यासाठी विटा हव्यात म्हणून तो स्तूप उकलला. आत दगडी पेटी निघाली, पेटीत करंडक, करंडकात अस्थी. त्या गंगेत सोडण्यात आल्या. त्या माणसांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांना विटा हव्या होत्या, समोर विटा होत्या, आणि अस्थी सापडल्यावर त्यांनी काशीच्या माणसाला जे योग्य वाटेल तेच केले.

रामनगरच्या किल्ल्यातल्या पालख्या, हौदे, जुन्या मोटारी पाहिल्या. मी तिथे फारसा रमलो नाही. मानमंदिराची गोष्ट वेगळी. दशाश्वमेधाला लागून असलेल्या त्या महालाच्या गच्चीवर सवाई जयसिंहाची दगडी वेधशाळा आहे, दिल्ली-जयपूर-उज्जैनच्या जंतरमंतरांची बहीण. २०१९ पासून महालात पडद्यांवरचे आभासी संग्रहालयही आहे, मुलांना आवडेल. मी वर गेलो तर आभाळ गच्च. सूर्य नाही तर सम्राट यंत्र काय दाखवणार? एक तास भिंतीला टेकून बसलो. मग दहा मिनिटे ऊन पडले आणि सावलीची कड त्या वळणदार दगडावर चढली. तिथे आलेल्या एका विद्यार्थ्याने खुणा वाचून दाखवल्या. वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी दोन-चार मिनिटांच्या फरकाने जुळली! आपल्या देशाची वेळ ज्या ८२ अंश ३० मिनिटे रेखांशावरून ठरते तो मिर्झापूरजवळून जातो, आणि काशी ८३ अंशांवर. म्हणजे सावली आणि सरकारी घड्याळ यांचे जिथे पटते अशा मोजक्या मोठ्या गावांपैकी हे एक. जबलपूरला सूर्य दहा मिनिटे मागे असतो. कारखान्याचा भोंगा मात्र कधी मागे नव्हता.

या वेधशाळेवर एकोणिसाव्या शतकात पुस्तिका लिहिली ती बापूदेवशास्त्री यांनी. महाराष्ट्रातून आलेले, काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गणित आणि ज्योतिष शिकवणारे; १८६१ साली त्यांचे सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर निघाले. असे एकेक नाव काढले की माळच लागते. पैठणहून आलेले भट्ट घराणे, त्यातले नारायणभट्ट, आणि त्यांच्याच घरातले गागाभट्ट, जे १६७४ मध्ये रायगडावर आले. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली काशीतच पुरे केले. अगदी अलीकडचे बाबूराव विष्णु पराडकर, १८८३ साली काशीत जन्मलेले मराठी गृहस्थ, हिंदी वृत्तपत्रांचे थोर संपादक म्हणून सारा उत्तर भारत त्यांना मानतो. आमच्या मुलांचे मराठी बिघडले म्हणून आपण ओरडतो. पराडकरांच्या हिंदीचे काय करायचे, याचाही विचार व्हावा.

आता बालाजी घाट.

पंचगंगेच्या शेजारी, मंगळागौरीच्या देवळाखाली हा घाट आहे. पेशव्यांनी बांधला असे सांगतात. प्रवाशांच्या यादीत तो नसतो. वर बालाजीचे देऊळ आहे. त्या देवळाच्या ड्योढीवर, नौबतखान्यात, एक मुलगा रोज सनईचा रियाज करायला यायचा. डुमरावला १९१६ साली जन्मलेला, काशीला मामाकडे वाढलेला; मामा अलीबक्ष विश्वनाथाच्या देवळात सनई वाजवत. तो मुलगा म्हणजे उस्ताद बिस्मिल्ला खाँ. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि २१ ऑगस्ट २००६ रोजी ते गेले, अशाच चढल्या पाण्याच्या दिवसांत. आपल्या सगळ्यांच्या लग्नात त्यांची सनई वाजली आहे, भले कॅसेटवर का असेना. ते सूर आपल्या पेशव्यांच्या घाटावर घासले गेले, आणि घासले ते एका मुसलमान मुलाने, बालाजीच्या दारात बसून. जवळच पंचगंगेवर आलमगीर मशीद आहे, जिथे आधी बिंदुमाधवाचे भव्य देऊळ होते. तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने ते पाहून लिहून ठेवले आहे. मोडणे, बांधणे, वाजवणे, सगळे एका हाकेच्या अंतरात. त्यावर भाष्य करण्याइतका मी मोठा नाही. संध्याकाळी वरच्या चारसहा कोरड्या पायऱ्यांवर बसायचो, खाली नावा एकमेकींना बांधलेल्या, गाळाचा वास, पोरे पाण्यात उड्या मारताहेत. तास दीड तास जायचा. कोणी काही विकायलाही येत नसे.

पाचव्या दिवशी दुर्गाघाटाच्या बोळात पावसाने गाठले म्हणून एका दाराच्या आडोशाला उभा राहिलो. आतून ऐंशीच्या घरातल्या एका बाईंनी हिंदीत विचारले, कोण आहे. माझ्या हिंदीवरूनच त्यांनी ओळखले.

“मराठी आहात का? मग आत या की. कुठले?”

“जबलपूरचा.”

“ते कळलं हो. मूळ?”

मी म्हणालो, “मूळ वाईकडचे, पण आजोबांपासून जबलपूर. तुमचं काकू?”

“आमचं कोण जाणे. पैठणकडचे म्हणतात. पण आमच्या यांनी काही पैठण पाहिलं नाही, त्यांच्या वडिलांनीपण नाही. आम्ही हितलेच. गंगाजी चढली की तुमच्यासारखे पाहुणे दारात येतात, तेवढाच फायदा.”

त्यांचे मराठी कानाला गोड आणि जरा अडखळणारे. मधेच ‘मतलब’, मधेच ‘अरे बाप रे’. चहाबरोबर थालीपीठ दिले. गणपती जवळ आले म्हणून मोदकांच्या पिठीची काळजी करत होत्या. मग म्हणाल्या, “तुम्हाला मोडी येते का?” कोनाड्यातून कापडात बांधलेला एक गठ्ठा काढला. लांब कागद, कडेला वाळवी, अक्षर मोत्यासारखे, आणि घरात तीन पिढ्यांत कोणाला ते वाचता येत नाही. मलाही येत नव्हते. दोघे तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसून राहिलो.

“मुलगा म्हणतो फेकून दे,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, मी गेल्यावर काय ते कर.”

मंडळी, आता ती गोष्ट सांगतो. मी आपल्या मंडळाचा सचिव होतो त्या वर्षी सभागृहाला रंग काढला. मागच्या कपाटात जुन्या वह्या होत्या. पहिल्या सभेपासूनची इतिवृत्ते, वर्गणीदारांच्या याद्या, नाटकांच्या नकला, हाताने लिहिलेले पहिले अंक. रंगवाल्याला कपाट रिकामे हवे होते. मी रद्दीवाल्याला बोलावले. एकवीस किलो भरली. त्या पैशांतून आपण त्या वर्षी मांडवाच्या पताका आणल्या, आणि वार्षिक सभेत जागा मोकळी केल्याबद्दल माझे अभिनंदन झाले. इथल्या पाचसहा जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मी नावे घेत नाही. आता आपल्यापैकी कोणालाही मंडळाचा पहिला गणपती कोणी आणला हे विचारा. तीन उत्तरे मिळतात, आणि तिन्ही घराणी समोर बसलेली आहेत.

काकूंच्या परवानगीने मी दोन पानांचे फोटो काढले. पुण्यात जावयांनी मोडी जाणणारे एक गृहस्थ शोधले. महिन्याने उत्तर आले. घरखर्चाचा हिशेब होता तो: तूप, तांदूळ, फुले, नावाडी, आणि ‘देशाहून आलेल्या पाहुण्यांस भोजन’. नाव कोणाचेच नाही, फक्त पाहुणे. मी ते स्वच्छ देवनागरीत लिहून काकूंना पाठवले. त्यांचा फोन आला. “अहो, म्हणजे हिशेबच निघाला! मला इतकी वर्षं वाटायचं, दागिन्यांची यादी असेल.” आणि हसत सुटल्या. मग म्हणाल्या, मुलाने गठ्ठ्याला नवीन कापड आणून दिले आहे.

आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक रिकामी करून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहे. त्यात आजपर्यंत तीन वस्तू जमल्या: १९७१ ची एक कार्यक्रमपत्रिका, एका नाटकाचा फोटो ज्यातल्या राजाची मिशी सुटलेली आहे, आणि अर्धे पावतीपुस्तक. ज्यांच्या माळ्यावर, गादीखाली, आईच्या पेटीत असे काही असेल त्यांनी ते मला द्यावे; मूळ द्यायचे नसेल तर छायाप्रत चालेल. आणि ज्यांना पहिल्या गणपतीविषयी नक्की माहिती आहे त्या तिन्ही घराण्यांनी कृपया वेगवेगळ्या कागदांवर लिहून द्यावे, म्हणजे भांडण होणार नाही. आरती झाल्यावर मी मागे, चपलांच्या मांडणीजवळ उभा आहे.